गिफ्ट: भेट, विष की लग्न?

वाढदिवसाला ‘गिफ्ट काय देऊ?’ असं आपण सर्रास विचारतो. पण बाटलीवर हाच शब्द दिसला, तर जर्मन माणूस ती बाटली पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवेल. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. भेटवस्तूला ते ‘गेशेंक’ म्हणतात. शेजारच्या डच भाषेत गिफ्ट म्हणजे देणगी आणि विषाला ‘गिफ’. एवढ्याशा ‘ट’वर जीव वाचायचा! स्वीडिशमध्ये तर कहरच. तिथे गिफ्ट म्हणजे विषही आणि विवाहितही. डॅनिश, नॉर्वेजियनमध्येही हेच. यावरचा विनोद तुम्हाला आत्ता सुचला असेलच. तिकडच्यांना तो सुचून जमाना झाला.

सगळ्यांचं मूळ ‘देणे’ या क्रियापदात, म्हणजे इंग्रजीतलं गिव्ह, जर्मनमधलं गेबेन. गिफ्ट म्हणजे नुसतं ‘दिलेलं’. लग्नाचा अर्थ तर मराठी माणसाला समजावून सांगायलाच नको. ‘धाकटी कुठे दिली?’ ‘साताऱ्याला दिली.’ जुन्या इंग्रजीतही हा शब्द वधूसाठी मोजलेल्या मोलाला वापरत. आजचा भेटीचा अर्थ आला तो नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांकडून. जर्मनमध्ये हुंड्याला ‘मिटगिफ्ट’ म्हणतात, म्हणजे सोबत दिलेलं. त्यात विष नाही, निदान व्याकरणाच्या दृष्टीने.

मग विष कुठून आलं? ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘डोसिस’ म्हणत, म्हणजे देणं. तो शब्द लॅटिनमध्ये गेला आणि जर्मनांनी त्याच धर्तीवर ‘गिफ्ट’ला औषधाच्या मात्रेचा अर्थ दिला. पुढे त्यातली वाईट मात्राच तेवढी उरली. विषाचं नाव तोंडाने घेणं तसंही जड जातं. ‘त्याला काहीतरी दिलं असणार,’ असं आपल्याकडेही दबक्या आवाजात म्हणतातच की. आपला डोस तो हाच डोसिस, आणि त्याचा धातू संस्कृत ‘दा’चा सख्खा भाऊ. म्हणजे दान आणि डोस ही चुलत भावंडं झाली. इंजेक्शनच्या रांगेत हे नातं जाणवत नाही, हा भाग वेगळा.

स्विस वैद्य पॅरासेल्ससने १५३८ मध्ये जर्मनमध्ये लिहिलं, की सगळ्याच वस्तू विष आहेत. एखादी वस्तू विष ठरत नाही ती केवळ मात्रेमुळे. त्याच्या वाक्यात विषाला ‘गिफ्ट’ आहे आणि मात्रेला ‘डोसिस’. मुळाशी गेलं तर आजाराचं कारण ‘दिलेलं’ आणि उतारा म्हणजेही ‘दिलेलं’च, किती दिलं, एवढाच काय तो वैद्याचा प्रश्न.