वरचं दूध सुरू केलं

आज काट्यावर बाळाचं वजन वाढलेलं दिसलं आणि मी तिथेच रडायला लागले, डॉक्टर म्हणाले अहो आता तर हसायचं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, 7 टक्के, कधी 10 टक्क्यांपर्यंत, आणि साधारण 2 आठवड्यांत ते जन्माच्या वजनाला परत यायला हवं. आमचं येतच नव्हतं.

सुरुवातीला चीक येतो, तोही थेंब थेंब, बाळाचं पोटही तेवढंसंच असतं त्यामुळे घाबरायचं नाही एवढं माहीत होतं. मग पान्हा फुटेल, छाती भरून येईल असं जो तो म्हणत होता आणि मी वाट बघत होते. डिलिव्हरीत माझं रक्त खूप गेलेलं, त्यानं दूध उशिरा उतरतं, काहींना कमीच येतं, हे कळलं तेव्हा बराच वेळ गेला होता. आधी एकानेही सांगितलं असतं तर रात्र रात्र स्वतःला बोल लावत बसले नसते.

नर्सताईंनी लॅच, म्हणजे बाळानं छाती तोंडात नीट कशी धरायची ते, शिकवलं, खूप मायेनं शिकवलं. नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. जमायचं पण, आणि मग लेक हळूहळू घसरत टोकावर यायची आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. चिरा पडल्या, रक्त यायचं, ती नुसती कुरकुरली तरी माझ्या पायाची बोटं आधीच आवळली जायची. नवजात बाळाला 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं असतं, म्हणजे एक दुखणं उतरेपर्यंत दुसऱ्याची वेळ झालेली. त्यात दुखणं आणि टेन्शन यांनी दूध सुटायलाच अडथळा येतो. सगळे म्हणायचे टेन्शन घेऊ नकोस, आणि त्या वाक्यानंच पोटात गोळा यायचा. पंप लावून बसले तरी बाटलीचा तळ जेमतेम झाकायचा.

खरं काय ते लंगोटांवरून कळलं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान 6 ओले लंगोट तरी व्हायला हवेत, तिचे होत नव्हते, आणि एकदा लंगोटावर विटकरी डाग दिसला. मला वाटलं रक्तच! डॉक्टर म्हणाले लघवी घट्ट झाली की असे क्षार दिसतात, पहिल्या एक-दोन दिवसांत चालतं, इतक्या उशिरा नाही, तिला दूध कमी पडतंय, आजच फॉर्म्युला, म्हणजे डब्याचं दूध, सुरू करा. ती दमून झोपायची आणि मी समजत होते पोट भरलं म्हणून झोपली.

पहिली बाटली नवऱ्यानेच दिली, माझे हात थरथरत होते. बाटली आडवी धरून, मधेमधे थांबत. पिताना तिच्या मुठी घट्ट मिटलेल्या, अगदी नखं पांढरी, आणि मग एकेक बोट सुटत गेलं आणि हात पसरून मोकळा पडला. जन्मल्यापासून मी तो हात असा सैल बघितलाच नव्हता.

काकूंचा फोन आला, अगं अजून थोडी कळ काढायचीस. काकू, अंगावरचं दूध चांगलंच, जागतिक आरोग्य संघटना पहिले 6 महिने फक्त तेच द्या म्हणते, आणि त्यातून रोगाशी लढायला जे मिळतं ते डब्यात नाही हे मलाही माहितीये. मला ते द्यायचंच होतं हो. म्हणून तर इतकं लागतंय. पण कळ मी काढत होते तसं पोर उपाशी राहत होतं, आणि ते मला नको होतं. काकूंना फोनवर एवढंच म्हणाले की वजन वाढलंय.

डब्याचं दूध म्हणजे आयतं काम असं म्हणणाऱ्यांनी एक रात्र करून बघावं. बाटल्या उकळायच्या, पाणी उकळून साधारण 70 अंशांवर असतानाच पावडर टाकायची कारण पावडरमध्येही जंतू असू शकतात, आधी पाणी मग पावडर, चमचा सपाट करून, पुरवायला म्हणून पाणी वाढवायचं नाही कधीच, मग मनगटावर थेंब टाकून बघायचं, आणि पिऊन उरलेलं ओतून द्यायचं.

सकाळी एकदा अजून अंगावर घेते, जेवढं येईल तेवढं, डॉक्टर म्हणाले दोन्ही चालतं. आता तिला आधीची भूक नसते त्यामुळे ओढाताण नाही, मलाही कमी दुखतं. हे किती दिवस चालेल ते बघू. पंप मैत्रिणीचा होता, तो धुऊन ठेवलाय, उद्या परत द्यायचाय. आज रात्रीचं पहिलं फीड नवरा देणार आहे, मी झोपतेय.