तिसऱ्या दिवसाचे छोटे सिनेमे

स्नेहसंमेलनाचे पहिले दोन दिवस नाच, नाटकं आणि बक्षिसांचे. त्यातलं आता फारसं आठवत नाही. तिसरा दिवस चित्रकलेच्या बाईंचा असायचा, आणि तो मात्र लख्ख आठवतो. वर्गातली बाकं भिंतीकडे सरकवायची, दोऱ्या ताणून चिमट्यांनी चित्रं लावायची आणि एका खोलीच्या खिडक्यांना काळा कागद डकवायचा. त्या अंधाऱ्या खोलीत ॲनिमेशनचे लघुपट लागायचे.

क्रम ठरलेला होता. आधी लघुपट, मग प्रदर्शन, मग पुन्हा तोच लघुपट. "आठ-दहा मिनिटांचा तर खेळ, दोनदा बघितला तर काय बिघडलं?" असं बाई म्हणायच्या. पहिल्या वेळी सगळे गोष्टीच्या मागे धावतात, ती कशी घडवली ते दुसऱ्या वेळी दिसतं, हे त्यांचं पक्कं मत. त्यामुळे मधलं प्रदर्शन त्या लघुपटाशी जोडलेलं असायचं.

नॉर्मन मॅक्लारेनचा 'नेबर्स' (१९५२) दाखवला ते वर्ष घ्या. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डचा हा लघुपट. दोन शेजारी, हद्दीवर उगवलेलं एक फूल आणि त्यावरून जुंपलेली मारामारी. माणसं खरी, पण बाहुल्यांसारखी एकेक चित्र घेऊन हलवलेली. ती जमिनीला पाय न लावता तरंगत जातात तेव्हा खोलीत नुसता आरडाओरडा. बाहेर प्रदर्शनात आमच्याच मुलांचे फोटो रांगेने लावले होते, प्रत्येक जण उडी मारून हवेत असतानाच टिपलेला. ते बघून आत गेलं की कोडं सुटायचं: नट पुन्हा पुन्हा उड्या मारतोय आणि कॅमेऱ्याने फक्त हवेतले क्षण ठेवलेत. त्यातला विचित्र आवाजही वाद्यांचा नाही. फितीच्या ध्वनिपट्टीवर रेघांची चित्रं उमटवून तो काढलेला आहे. हे कळल्यावर मुलं दुसऱ्या खेळाला डोळे मिटून ऐकायची.

तेव्हा १६ मिलिमीटरच्या फिती डब्यांतून यायच्या. बाईंनी टाकाऊ फितीचा एक तुकडा खिडकीच्या काचेवर चिकटवून शेजारी भिंग टांगलं होतं. फूटभर फितीत चाळीस चौकटी, म्हणजे चाळीस सुटी चित्रं, आणि सेकंदाला चोवीस सरकणार. म्हणजे ती फूटभर फीत दोन सेकंदही पुरत नाही. मला वाटतं, आमच्यातल्या अर्ध्याअधिक मुलांना हा हिशोब गणिताच्या तासापेक्षा इथे जास्त पटला.

सगळ्यात गर्दी झाली ती धुक्याच्या वर्षी. युरी नॉर्स्टाइनचा 'हेजहॉग इन द फॉग' (१९७५) जेमतेम दहा मिनिटांचा. मित्राकडे निघालेला इवलासा काटेरी प्राणी धुक्यात वाट चुकतो, बस, एवढंच. कागदाची कापलेली पात्रं काचेच्या निरनिराळ्या थरांवर ठेवून तो केलाय. धुकं मात्र पातळ कागदाचं: कागद चित्रावर टेकवला की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, कॅमेऱ्याकडे हळूहळू उचलला की ते विरघळत जातं. बाईंनी टेबलावर झाडांची चित्रं मांडून प्रत्येकावर बटर पेपर ठेवला आणि पाहुण्यांनाच तो उचलायला सांगितला. एरवी प्रदर्शनात 'हात लावू नये' अशी पाटी असते. इथे हात न लावणाऱ्यांना बाई दटावायच्या.

आणि एका वर्षी भिंतीवर नुसतीच रिकामी चौकट. "चित्र पडलं वाटतं," म्हणून पालक खाली शोधायचे. तेव्हा कॅरोलिन लीफचा वाळूचा लघुपट लावला होता. खालून उजेड सोडलेल्या काचेवर वाळू पसरायची, बोटांनी आकार करायचा, एक चौकट टिपायची आणि तोच आकार मोडून पुढचा करायचा. भिंतीवर लावायला मूळ चित्र उरतच नाही. अलेक्सांद्र पेत्रोव्ह काचेवर तैलरंगांनी, बरेचदा बोटांच्या टोकांनी रंगवतो, त्याचंही तसंच. 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९९९) हा त्याचा वीसेक मिनिटांचा लघुपट, आणि त्यासाठी २९ हजारांवर चौकटी अशा रंगवल्या नि पुसल्या. फ्रेडेरिक बॅकची 'द मॅन हू प्लांटेड ट्रीज'साठी (१९८७) रंगीत पेन्सिलींनी केलेली चित्रं मात्र टिकतात. कुठे अशा चित्रांचं प्रदर्शन भरलं तर आधी लघुपट बघून जावं आणि घरी येऊन पुन्हा बघावा, एवढंच मी सांगेन. पडद्यावर क्षणभरही न थांबलेल्या चित्रासमोर मनसोक्त उभं राहता येतं, हे सुख वेगळंच.

बाईंच्या प्रदर्शनात बक्षिसाच्या चिठ्ठ्या नसायच्या. चिठ्ठी दिसली की लोक तेवढंच चित्र बघून पुढे सरकतात, हे त्यांचं निरीक्षण अगदी खरं. आजही मोठमोठ्या दालनांत ते दिसतं. पूर्ण चित्रापेक्षा कच्ची रेखाटनं त्या आवर्जून लावायच्या, खोडलेल्या रेघांसकट. काही पालकांना ते गबाळं वाटायचं.

मधली व्हिडिओ कॅसेटची वर्षं सोडूनच द्यावीत. पडदा लहान आणि चित्र खरखरीत.

आता बाई निवृत्त झाल्यात, पण तिसरा दिवस टिकून आहे. मुलं मोबाइलवर स्वतःच लघुपट करतात. दादासाहेब फाळक्यांनीही आगकाड्या हलवून फीत केली होती, हे कुणीतरी सांगितल्यापासून काड्यांची लाटच आली आहे. सेकंदाला बारा फोटो धरले तरी दहा सेकंदांना एकशेवीस, म्हणून बहुतेकांचा दम मिनिटाच्या आत संपतो. गेल्या संमेलनात अशाच एका फितीत काड्या ऐटीत कवायत करत असताना मधेच कुणाचा तरी अंगठा आला. तो कापून टाका, असं सरांनी सुचवलं, पण मुलं ऐकेनात. दुसऱ्या खेळाला सगळी खोली अंगठ्याचीच वाट बघत होती, आणि तो आल्यावर टाळ्या पडल्या.