सेकंद निश्चलतेचे, नाव हताशेचे

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेतील पहिल्या वर्षी माझ्या हातात सर्वांत जास्त काळ राहिलेली वस्तू म्हणजे स्टॉपवॉच. समोर काचेचे उभे नळकांडे, त्यात पाय तळाला टेकणार नाहीत इतके पाणी, आणि पाण्यात एक उंदीर. चाचणी सहा मिनिटांची. पहिली दोन मिनिटे सोडून द्यायची आणि उरलेल्या चार मिनिटांत उंदीर किती सेकंद धडपड न करता, नाक पाण्याबाहेर राहील एवढेच पाय हलवत, तरंगत राहतो ते मोजायचे. वहीतल्या रकान्यावर मी 'निश्चलता, सेकंद' असे लिहीत असे. प्रबंधात त्याच आकड्यांवर 'नैराश्यसदृश वर्तन' असे शीर्षक चढले. ते कोणी खोडले नाही, मीही खोडले नाही. या दोन शब्दांमधल्या अंतराविषयी मला आज लिहायचे आहे, कारण मेंदूच्या आजारांसाठी प्राण्यांवर होणाऱ्या संशोधनाचे बरेचसे यश आणि बरेचसे अपयश त्या अंतरातच दडलेले आहे असे मला वाटते.

सक्तीच्या पोहण्याची ही चाचणी रॉजर पोरसोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली मांडली. मूळ रूपात रॅटला (प्रयोगशाळेतल्या लहान उंदराहून मोठ्या, वेगळ्या जातीच्या प्राण्याला) पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे पाण्यात ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी प्राणी लवकर धडपड थांबवतो, आणि मधल्या काळात इमिप्रामिनसारखे नैराश्यविरोधी औषध दिले असेल तर तो अधिक वेळ धडपडत राहतो, असे दिसले. या थांबण्याला त्यांनी 'वर्तनातील हताशा' म्हटले. चाचणी स्वस्त होती, एका दुपारी वीस-पंचवीस उंदीर तपासून होत, आणि तोवर बाजारात असलेली बहुतेक नैराश्यविरोधी औषधे तिच्यात उत्तीर्ण होत. ती जगभर पसरली यात नवल नाही.

परंतु पाण्यातून बाहेर पडायला वाट नाही हे एकदा कळल्यावर जो प्राणी हातपाय मारणे थांबवतो, तो हताश झाला आहे की शहाणा झाला आहे? शक्ती राखून तरंगत राहणे हा जगण्याचा अधिक चांगला उपाय असू शकतो, आणि मग आपले औषध त्याला आशावादी न बनवता केवळ शिकलेले विसरायला लावत असेल. दुसरी अडचण वेळेची आहे. माणसाला या औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. उंदरात तो एका मात्रेने, तासाभरात दिसतो. म्हणजे आपण जे मोजतो ते आजार बरा होणे नसून औषध मेंदूत पोहोचल्याची खूण आहे. ॲम्फेटामिन किंवा कॅफिन दिले तरी उंदीर अधिक हालतो, म्हणून सर्वसाधारण हालचालीची वेगळी नोंद ठेवावीच लागते. उलट, आज सर्वाधिक लिहून दिली जाणारी फ्लुओक्सेटिनच्या वर्गातली औषधे रॅटवरील मूळ चाचणीत नीट पकडली जात नसत. 1990च्या दशकात पोहणे आणि भिंतीवर चढण्याची धडपड यांची वेगवेगळी मोजणी सुरू झाली तेव्हा ती पोहण्याच्या रकान्यात दिसू लागली. मोजण्याची पद्धत बदलल्यावर औषध 'काम करू लागले' हे वाक्य मी तेव्हा सहज वाचून पुढे गेले होते.

यामागचे खरे कारण इतिहासात आहे. मानसिक आजारांवरची पहिली औषधे प्राण्यांच्या मॉडेलमधून, म्हणजे माणसाच्या आजाराची नक्कल प्राण्यात उभी करून, निघालीच नाहीत. इप्रोनियाझिड हे क्षयरोगावरचे औषध. ते घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही दिसू लागले. इमिप्रामिन हे स्किझोफ्रेनियासाठी वापरून पाहिले जात होते आणि त्याचा गुण नैराश्यावर आहे हे स्वित्झर्लंडमधील रोलांड कुन यांनी 1950च्या दशकात रुग्णांकडे बारकाईने पाहून ओळखले. लिथियमची गोष्ट तर विलक्षण आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी गिनीपिगना लिथियमचे क्षार टोचले, ते सुस्त पडले, उताणे ठेवले तरी पडून राहिले, आणि त्यावरून केड यांनी ते उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिले. 1949 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. ती सुस्ती बहुधा विषबाधेची होती असे आज मानले जाते. तर्क चुकला, औषध मात्र खरे निघाले आणि आजही वापरात आहे.

स्किझोफ्रेनियावरच्या क्लोरप्रोमाझिन या औषधाच्या बाबतीत प्राण्यांचा वाटा अधिक होता. फ्रान्समध्ये सिमोन कुर्व्हॉझिए यांनी घंटा वाजताच विजेचा धक्का टाळण्यासाठी दोरीवर चढायला शिकवलेल्या रॅटना ते दिले. त्यांनी घंटेकडे दुर्लक्ष केले, चढण्याची ताकद असूनही. पुढे हीच चाचणी नव्या औषधांसाठी चाळणी बनली. पहिले औषध माणसांत सापडले की त्याच्यासारखा परिणाम दाखवणारी चाचणी तयार करायची, आणि मग त्या चाचणीतून पुढचे औषध शोधायचे, अशी ही साखळी. अशा चाळणीतून पहिल्या औषधाची भावंडेच बाहेर येतात. रॅटचे शरीर ताठ करून त्याला दिलेल्या अवस्थेत गोठवून टाकणे ही एके काळी मनोविकारावरील औषधाची खूण समजली जाई, आणि क्लोझापिन हे औषध ती खूण दाखवत नव्हते. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी ते सर्वांत परिणामकारक आहे हे माणसांवरून कळले. डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे ग्राहक (ते रसायन स्वीकारणारे पेशींवरचे रेणू) न अडवता काम करणारे, स्किझोफ्रेनियावरील पहिले संयुक्त औषध अमेरिकेत 2024 साली मंजूर झाले. त्यातील झॅनोमेलिन हा घटक 1990च्या दशकात अल्झायमरच्या रुग्णांना देताना त्यांचे भास कमी झाले, या निरीक्षणातून त्याची वाट सुरू झाली होती.

मॉडेल किती विश्वासार्ह हे ठरवण्यासाठी पॉल विल्नर यांनी 1984 साली तीन कसोट्या मांडल्या, त्या प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो: ते दिसायला आजारासारखे आहे का, त्याचे कारण आजाराच्या कारणासारखे आहे का, आणि माणसाला उपयोगी पडणारे औषध त्यात उपयोगी पडते का. पहिली कसोटी सर्वांत फसवी आहे. दुसरीसाठी मुळात आजाराचे कारण माहीत असावे लागते.

ते माहीत असते तेव्हा काय घडते याचे उदाहरण पार्किन्सनचे. 1982 साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक पुतळ्यासारखे ताठ होऊन रुग्णालयात आले. त्यांनी टोचून घेतलेल्या कृत्रिम हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ होती. विल्यम लँग्स्टन आणि इतरांनी छडा लावला की हे द्रव्य मेंदूत गेल्यावर विषारी रूप घेते आणि डोपामिन बनवणाऱ्या पेशींना मारते, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात ज्या पेशी मरतात त्याच पेशींना. माकडांना ते दिल्यावर माकडेही तशीच ताठ झाली. रॅटवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. केवळ रॅटवर तपासले असते तर हे द्रव्य निरुपद्रवी ठरले असते. अशा माकडांत मेंदूतील सबथॅलॅमिक केंद्र निकामी केले की ताठरपणा आणि कंप कमी होतो हे महलोन डीलाँग आणि सहकाऱ्यांनी 1990 साली दाखवले, आणि फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेनाबिद यांच्या गटाने त्याच केंद्रात विजेची तार बसवून रुग्णांना उपचार दिले. आज तार बसवलेल्या रुग्णाचे थरथरणारे हात कळ दाबताच स्थिर होताना ज्याने पाहिले आहेत, त्याला प्राण्यांवरील सर्व प्रयोग निष्फळ असतात असे सरसकट म्हणता येणार नाही. येथे कोणत्या पेशी गेल्या, कोठल्या, आणि त्यामुळे मेंदूपेशींची कोणती मंडले (जोडण्यांची जाळी) बिघडली हे ठाऊक होते. मोजायची गोष्टही हालचाल होती आणि आजारही हालचालीचा होता. मध्ये शब्द घालावा लागला नाही.

कारण माहीत असणे पुरेसे असते असेही नाही. फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक वाढ खुंटवणारा, एकाच जनुकाचा आजार. ते जनुक बंद केलेला उंदीर 1994 पासून उपलब्ध आहे, आणि ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या एका ग्राहकाला अडवणारी औषधे त्या उंदरांत अनेक बिघाड दुरुस्त करत होती. त्यांपैकी मॅव्होग्लुरान्टच्या मानवी चाचण्यांत मात्र अपेक्षित गुण दिसला नाही आणि 2014 साली तो कार्यक्रम थांबला. कदाचित मेंदू घडून गेल्यावर उशीर झाला असेल, कदाचित रुग्णांत मोजलेली गोष्टच वेगळी असेल. कदाचित आणखी काही.

आणि मग प्रयोगशाळा नावाची भानगड. 1999 साली जॉन क्रॅब आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पोर्टलंड व ऑल्बनी आणि कॅनडातील एडमंटन येथे त्याच जातींचे उंदीर, तीच उपकरणे, तेच वेळापत्रक वापरून तेच प्रयोग केले, तरी काही चाचण्यांचे निष्कर्ष ठिकाणानुसार बदलले. एडमंटनच्या संशोधकाला उंदरांची ॲलर्जी असल्याने तो श्वसनाचा मुखवटा लावून काम करत होता, ही नोंद त्यांनी प्रामाणिकपणे केली आहे, आणि ती वाचून मला नेहमी हसू येते. पुढे 2014 साली कॅनडातील एका गटाने दाखवले की पुरुष संशोधक, किंवा पुरुषाने रात्रभर घातलेला टी-शर्ट, जवळ असला तरी उंदीर तणावाखाली येतात आणि त्यांच्या वेदनेची मोजमापे बदलतात. उंदीर निशाचर, आपण त्यांना दिवसा उठवून त्यांच्या 'चिंते'ची परीक्षा घेतो. शिवाय नैराश्य स्त्रियांत अधिक आढळत असूनही मेंदूविषयक प्रयोगांत दशकानुदशके नरच वापरले गेले. माझ्या पहिल्या तुकडीत कोणत्या पिंजऱ्याला औषध दिले आहे हे मला माहीत होते, हेही येथे सांगून टाकते. त्या तुकडीचा फरक सर्वांत मोठा होता. मोजणारीला गट ठाऊक नसलेल्या पुढच्या तुकड्यांत तो निम्म्यावर आला.

क्रौर्याचा प्रश्न आणि विज्ञानाचा प्रश्न आपण वेगवेगळे ठेवतो, ते मला पटत नाही. रसेल आणि बर्च यांनी 1959 साली पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा अशी त्रिसूत्री दिली, परंतु ज्या चाचणीचा अर्थच लागत नाही तिच्यात दहाऐवजी आठ प्राणी वापरले म्हणून ती समर्थनीय होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने 2024 साली सक्तीच्या पोहण्याच्या चाचणीवर कायद्याने बंदी घातली; मला त्या निर्णयाचे वाईट वाटले नाही. अमेरिकेत 2022 च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनंतर नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणी कायद्याने अनिवार्य राहिलेली नाही. पण बशीत वाढवलेल्या मेंदूपेशींच्या गोळ्याला झोप नसते, भूक नसते, पिल्ले नसतात, आणि विषारीपणा किंवा एखाद्या मंडलाचे काम समजून घ्यायला संपूर्ण प्राणी लागतोच असे प्रसंग उरतात.

मला आशादायक वाटते ते संपूर्ण आजार उंदरात उभा करण्याचा हट्ट सोडून त्याचा एखादा मोजता येण्याजोगा भाग पाहणारे काम: बक्षिसासाठी प्राणी किती कष्ट घेतो, लक्ष किती वेळ टिकवतो, झोप कोठे तुटते. टचस्क्रीनवर नाकाने चित्र निवडायला शिकलेला उंदीर आणि तशाच पडद्यावर बोटाने निवड करणारा रुग्ण, दोघांच्या चुका एकाच प्रकारे मोजता येतात, आणि रकान्यावर चुकांची संख्या एवढेच लिहायचे असते. फक्त उंदराला ते काम शिकवायला कित्येक आठवडे लागतात आणि माणसाला एक वाक्य पुरते, त्यामुळे दोघेही तेच काम करत आहेत असे लिहिताना माझा हात अजून थोडा अडखळतो.