भाजी कशी होती?

"कशी आशिल्ली भाजी?" गल्ल्यावरच्या मालकाने विचारलं. मी म्हटलं, "बरी."

खरं तर पातळ भाजी आंबली होती. दोन घास खाऊन बशी बाजूला सारलेली, पाव तसाच.

शुक्रवार, गोव्यातल्या म्हापशाचा बाजार, गर्दी. माझ्यामागचे आजोबा मात्र सरळ म्हणाले, "भाजी आंबल्या रे!" मालकाने टोप उघडून वास घेतला आणि अख्खा टोप खाली उतरवला. मग माझ्याकडे बघून, "तुमीय खाल्ली न्हय? सांगलें ना कित्याक?"

काय सांगणार! नंतर बसमध्ये बसल्याबसल्या मी एक स्टार द्यायला मोबाइल काढलाच. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबरसुद्धा मला पाठ आहे.

तोंडावर एक वाक्य तेवढं जमत नाही. तुम्हाला जमतं?