म्यानाचं माप

सुरी घेताना आपण काय काय पाहतो! पातं किती लांब, पोलाद कसलं, मूठ लाकडाची की प्लास्टिकची, हातात तोल कसा बसतो. म्यानाकडे कोणी ढुंकून बघत नाही, ते सुरीबरोबर पदरात पडतं. दुकानदार सगळ्यात शेवटी ‘आणि हे कव्हर’ म्हणत ते काउंटरवर टाकतो, आपणही मान डोलावतो. मग पहिल्याच ट्रेकला दिवसभर लक्ष जातं ते त्या कव्हराकडेच.

माझ्या सुरीचं पातं चार इंचांचं, कार्बन पोलादाचं. काकडी सोलायला, दोरी कापायला, चुलीसाठी काटक्या छिलायला पुरेसं. म्यान मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी दांडग्या सुरीसाठी बेतलेलं असावं. चालताना पावलापावलाला खुळूक खुळूक, आणि उतारावर वाकलं की सुरी बोटभर वर सरकायची. म्यानाची परीक्षा तशी सोपी आहे. सुरी आत घालायची, गादीवर म्यान उलटं धरायचं आणि झटकायचं; सुरी जागची हलता कामा नये. तरीही अंगठ्याने रेटा दिला की एका हाताने सहज बाहेर यायला हवी. या दोन्हींच्या मधलं माप तयार मिळत नाही, ते करून घ्यावं लागतं.

त्यासाठी आधी चामडं कसलं आहे ते पाहावं लागतं. कापलेली कड निरखायची. आत निळसर-राखाडी रेघ दिसली तर ते क्रोमने कमावलेलं. मऊ असतं, पण वळण घेत नाही. आरपार तपकिरी असेल तर झाडांच्या सालींत कमावलेलं. कोल्हापुरीचं चामडं असं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. नवी कोल्हापुरी आधी चावते आणि मग फक्त आपल्याच पायाची होते, ती या कमावणीमुळे. (2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. चप्पल दोन्ही राज्यांची हे एकदा कागदावर आलं, बरं झालं.) माझ्या म्यानाची कड तपकिरी निघाली. म्हणजे आशा होती.

बाकीचं काम पाण्याचं. कोमट पाण्यात म्यान बुडवायचं. कढत पाणी घेतलं तर चामडं आकसून लाकडासारखं होतं. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढायचं. सुरीला शिलाई मशीनचं तेल चोपडून वर प्लास्टिकचे दोन पदर घट्ट गुंडाळायचे, ती म्यानात सारायची आणि दाबत बसायचं. सगळी गंमत या दाबण्यात आहे. ओलं चामडं मातीसारखं वागतं. मूठ जिथे संपते आणि पातं सुरू होतं तिथे एक खाच असते. त्या खाचेत अंगठ्याने आणि चमच्याच्या पाठीने चामडं बसवत राहायचं. हळूहळू मुठीचा फुगवटा बाहेरून दिसायला लागतो. पुढे सुरी अडून राहते ती या फुगवट्यावर, पात्यावर नाही. पात्याला आवळणारं म्यान वाईटच. दर वेळी धार आतून चामडं खरवडत राहते.

वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये या भानगडीत पडू नये. कपाटातल्या बुटांना जिथे हिरवी बुरशी धरते तिथे ओलं म्यान काय वाळणार! हवेचं हे रडगाणं पात्यालाही लागू आहे. चामडं ओल धरतं, म्हणून घरी सुरी म्यानात ठेवायची नाही. पावसाळ्यात तशी ठेवली की पात्यावर तांबूस ठिपके आलेच म्हणून समजा. म्यान एका खणात, तेलाचा हात फिरवलेली सुरी दुसऱ्या खणात, भांडलेल्या जावांसारखी.

पण पाण्याने फक्त बसणं सुधारतं. शिवण कच्ची असेल तर गाठ चांभारकामाशी. म्हणून म्यान घेऊन मी स्टेशनाबाहेरच्या गटई स्टॉलवर गेले. काकांनी सुरी हातात घेतली, म्यानाची कड दोन बोटांनी फाकवली आणि म्हणाले, “ताई, हे पाकीट शिवलंय. पाकिटातल्या नोटा दोरा कापत नाहीत.”

नेमका तोच दोष होता. चामड्याचे दोन पदर एकावर एक ठेवून कडेने टाके घातलेले, आणि सुरीची धार थेट त्या टाक्यांवर टेकलेली. काकांनी शिवण उसवली. कातरणातून एक पट्टी काढली, रापीने ती तासून टोकाकडे पातळ केली आणि दोन्ही पदरांच्या मधे बसवली. आता धार घासणार ती या पट्टीवर, दोऱ्यापर्यंत पोचायचीच नाही. मग आरी. वरून आरी खुपसायची, खालचा मेण लावलेला दोरा तिच्या टोकाच्या खाचेत पकडून वर ओढायचा, झालेल्या फाशातून दुसरं टोक घालायचं आणि दोन्ही हातांनी करकचून ताणायचं. प्रत्येक टाक्याला चामडं ‘कर्र’ करतं. समोरून गाडीची घोषणा होते, माणसं धावतात, एक बाई तुटलेला चपलेचा पट्टा घेऊन घाई करते. काका तिला “बसा दोन मिनिटं” म्हणतात आणि टाका पुरा करतात. शेवटी म्यानाच्या टोकाशी एक बारीक भोक त्यांनी आपण होऊन ठेवलं. “पाणी साचलं की सडतं. निघून जाऊ दे.”

राहता राहिला प्रश्न सुरी अंगावर बाळगायची कुठे याचा.

म्यानं करणारा प्रत्येक जण धरून चालतो की माणसाला कंबरपट्टा असतो, आणि तो माणूस पुरुष असतो. ट्रेकला मी ज्या पँटी घालते त्यांना कमरेला इलॅस्टिक. पट्ट्याच्या घरांचा पत्ता नाही. पट्टा बांधला तरी त्यावर सॅकचा कंबरपट्टा येऊन बसतो आणि सुरी त्याखाली गाडली जाते. खाली बसलं की मूठ बरगडीत. कोकणातल्या माणसाने हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या आकडीने सोडवलाय. कमरेला दोरी, मागे आकडी, तिच्यात उघडा कोयता अडकवलेला. म्यानाचं नावच नाही. वाकायचं ते पुढे, चढायचं ते पुढे, त्यामुळे मागचा कोयता आड येत नाही आणि दोन्ही हात मोकळे. झाडावर चढणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. फक्त त्याच्या मागे हातभर अंतरात दुसरं माणूस नसतं.

मुंबईत ते असतंच. म्यान सुरीला जपतं असं आपण म्हणतो. इथे ते जपतं शेजारच्या बाईला. लेडीज डब्यात नुसतं बघा. मटार सोलणं, मेथी निवडणं तर चालतंच, पण कोणाच्या पर्समधून छोटी सुरीही निघते, आणि ती कधी उघडी नसते. एकीने तिला टूथपेस्टच्या खोक्याचा तुकडा दुमडून रबर लावलेलं असतं, दुसरीने कालनिर्णयचं जुनं पान सात घड्या घालून. लग्नाच्या ऑर्डरीला निघालेला आचारी आपल्या सुऱ्या जाड फडक्यात वळकटी करून नेतो. यांतलं एकही म्यान दुकानातलं नाही, आणि एकाचंही बसणं माझ्या पहिल्या म्यानापेक्षा वाईट नव्हतं. पुठ्ठा मऊ पडला की फेकायचा, नवा घ्यायचा, झालं. चामड्याचा एवढा सोस मला का, हे विचारायला ती बाई योग्य आहे.

कायद्याचं म्हणाल तर 1959 च्या शस्त्र कायद्याच्या नियमांतल्या शस्त्रांच्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, घरकामाची आणि शेतीची अवजारं सोडून. माझी त्यात बसत नाही. पण मुंबईत 1951 च्या पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश अधूनमधून निघत असतात, आणि रात्रीच्या फलाटावर हवालदाराला इंच मोजून दाखवण्यात मला रस नाही. शेवटची कसारा लोकल पकडायची तर सुरी सॅकच्या तळाशी, कपड्यांच्या आत, आणि ती कमरेवर येते ती वाट सुरू झाल्यावर.

म्हणजे मला हवं होतं असं म्यान, जे शहरात सॅकमध्ये मुकाट पडून राहील आणि डोंगरात चटकन अडकवता येईल. काकांनी मागची पट्ट्याची घडी कापून काढली आणि तिथे दोन फटी पाडल्या, सॅकचा कंबरपट्टा आरपार जाईल एवढ्या. आता म्यान पट्ट्यावर डावीकडे पुढे, तिरकं बसतं; उजव्या हाताने सुरी निघते, बसताना टोचत नाही. मुठीभोवती एक पट्टी, तिला टिचबटण. बटणं मी धारावीत बॅगांच्या सामानाच्या दुकानातून आणली होती. काकांनी पट्टी पात्याच्या पाठीच्या बाजूला लावली. धारेच्या बाजूला असती तर सुरी काढताना पहिली कापली गेली असती तीच. तयार म्यानांत ही चूक सर्रास दिसते. बसल्या बसल्या त्यांनी सुरी बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि तो कागदी आकार कापून फळीमागे खोचला. “पुन्हा लागलं तर.”

लागलंच. आमच्या गटात एक जण डावखुरी आहे. माझ्या म्यानातून तिला सुरी धड काढता येईना. पट्टी, तिरकेपणा, बटण, सगळंच तिच्या उलट. तिला मी काकांकडे घेऊन गेले. त्यांनी फळीमागचा पुठ्ठा काढला, पालथा घातला, त्यावर तिची सुरी ठेवून पाहिली आणि नवा आकार काढून घेतला. म्यान कधी मिळेल विचारलं तर समोर साचलेल्या चपलांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, “गणपती झाले की या.”