वॉर्नंबूलची ग्रँड अ‍ॅन्युअल: जाणार असाल तर

महालक्ष्मीवर इंडियन डर्बी बघितलेल्यांना २४०० मीटरची शर्यत म्हणजे काय ते माहीत आहे. वॉर्नंबूलच्या ग्रँड अ‍ॅन्युअल स्टीपलचेसमध्ये घोडे साडेपाच किलोमीटर पळतात आणि वाटेत तब्बल ३३ अडथळे ओलांडतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या नैऋत्येला, समुद्राकाठचं हे लहानसं शहर १८७२ पासून ही शर्यत भरवतंय.

मे महिन्याच्या सुरुवातीला मंगळवार ते गुरुवार जत्राच असते. पहिल्या दिवशी ब्रायर्ली स्टीपलचेस, गुरुवारी ग्रँड अ‍ॅन्युअल. एकच दिवस हाताशी असेल तर गुरुवार गाठा.

स्टँडमध्ये अडकून बसू नका, सरळ टेकडीवर चढा. घोडे रेसकोर्सची धावपट्टी सोडून ब्रायर्लीच्या कुरणात शिरतात, तो सगळा पट्टा तिथून दिसतो. शर्यती मोकळ्या रानातून व्हायच्या, तो काळ या वाटेत अजून शिल्लक आहे. एखादी शर्यत मात्र टोझर रोडच्या जोड-अडथळ्याजवळ उभं राहून बघा. पहिली उडी, लगाम सावरायला क्षणभर, की लगेच दुसरी. टापांचा दणका पायाखालच्या जमिनीतून जाणवतो, जॉकी घोड्याला ओरडून धीर देतात तेही ऐकू येतं. कुंपणापासून जरा मागेच राहा: २०११ मध्ये स्वार पडलेला बाना स्ट्रँड हा घोडा कुंपण ओलांडून थेट गर्दीत घुसला होता, लोक जखमी झाले होते.

घोडेही जखमी होतात, मरतात. न्यू साउथ वेल्सने अशा शर्यतींवर १९९७ मध्येच बंदी घातली, २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यानेही. आता त्या फक्त व्हिक्टोरियात, म्हणजे वॉर्नंबूल ज्या राज्यात आहे तिथे, उरल्यात. या शर्यतीचा इतिहास मला मनापासून आवडतो, पण घोडा पडला की पोटात गोळा येतो, आणि बंदी मागणाऱ्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. मुलांना नेणार असाल तर याची कल्पना आधी द्या.

मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून थेट रेल्वे आहे, साडेतीन तासांच्या आसपास लागतात. राहायची सोय काही महिने आधीच करा, त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत. तिकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड. समुद्रावरचा वारा हाडात शिरतो, म्हणून जाड जॅकेट, कानटोपी आणि चिखलात चालतील असे बूट हवेत. दुर्बीण असेल तर न्याच. पहाटे उठून लेडी बेच्या किनाऱ्यावर गेलात तर सरावाला आणलेले घोडेही बघायला मिळतील.