फाडायला काढलेले पत्र

अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. न्यायालयाचा कर्जमुक्तीचा आदेश, ज्याला इथे सगळे डिस्चार्ज म्हणतात, तो हाती पडला की प्रकरण संपले आणि फाइल कपाटात गेली, अशीच माझी कामाची पद्धत होती. ती पद्धत अपुरी आहे हे मला एका अशिलामुळे कळले.

त्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा पतीच्या दीर्घ आजारपणाची बिले आणि ती भागवताना क्रेडिट कार्डांवर चढलेले देणे त्यांच्या आवाक्याबाहेर गेले होते. आम्ही चॅप्टर ७ खाली, म्हणजे दिवाळखोरी कायद्याच्या ज्या प्रकरणाखाली बहुतेक देणी माफ होऊ शकतात त्याखाली, अर्ज केला, ट्रस्टीसमोरची (प्रकरण पाहण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीसमोरची) धनकोंची बैठक पार पडली, कायद्याने सक्तीचा असलेला आर्थिक शिक्षणाचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला आणि सुमारे चार महिन्यांत आदेश मिळाला. त्यानंतर १९ महिन्यांनी त्या पुन्हा माझ्यासमोर बसल्या होत्या. मोटारकर्जासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला होता आणि तसे कळवणारे पत्र त्यांच्या हातात चुरगळलेले होते. "हे फाडायलाच काढलं होतं, मॅडम," त्या म्हणाल्या. "पत एकदा गेली की गेली, हे मला आता पटलंय."

या १९ महिन्यांत त्यांनी काय केले होते ते मी विचारले, आणि उत्तर ऐकून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला. आधी ठेव भरून मिळणारे सिक्युअर्ड कार्ड त्यांनी घेतले होते, त्यावर दरमहा एखादाच लहान खर्च केला होता आणि बिल प्रत्येक वेळी मुदतीआधी पूर्ण भरले होते. अर्ज फेटाळला गेल्यावर मात्र धीर सुटून त्या पत सुधारून देण्याचा दावा करणाऱ्या एका कंपनीकडे गेल्या होत्या, आणि दिवाळखोरीची नोंदच पुसून देतो असे सांगून त्या कंपनीने पैसे आगाऊ मागितले होते. पैसे त्यांनी अजून दिले नव्हते, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. खरी आणि मुदतीतली नोंद कोणीही पुसू शकत नाही. चॅप्टर ७ ची नोंद अर्जाच्या तारखेपासून १० वर्षांपर्यंत माणसाच्या पतीच्या अहवालात राहू शकते. शिवाय अशा कंपन्यांनी काम पूर्ण करण्याआधी पैसे घेणे १९९६ च्या संघीय कायद्याने निषिद्ध आहे.

मग मी ते पत्र उलगडून वाचले. कर्ज नाकारण्याची कारणे, किंवा ती मागवण्याचा हक्क, अर्जदाराला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ग्राहकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन मोठ्या संस्था, म्हणजे क्रेडिट ब्युरो, इथे आहेत; ज्या ब्युरोच्या अहवालावरून निर्णय झाला त्याचे नावही द्यावे लागते, आणि अर्जदाराला ६० दिवसांत तो अहवाल विनामूल्य मागता येतो. या पत्रात कारणांची दुसरी ओळ होती : थकीत खात्यांवरील येणे रक्कम. ती वाचून मी थांबले, कारण या बाईंची थकीत खाती उरलीच नव्हती.

तिन्ही ब्युरोंचे अहवाल आम्ही त्याच दुपारी संगणकावर काढले आणि न्यायालयात दाखल केलेली धनकोंची यादी शेजारी ठेवून एकेक खाते पडताळले. या कामाला दोन तास लागले. कर्जमुक्तीत समाविष्ट झालेल्या खात्यावर शिल्लक शून्य असली पाहिजे आणि ते दिवाळखोरीत समाविष्ट झाल्याचा उल्लेख असला पाहिजे. बहुतेक खाती तशीच होती. तीन खात्यांवर मात्र पूर्ण रक्कम अजून येणे दाखवली होती, आणि त्यांतले एक खाते तर वसुलीसाठी दुसऱ्या संस्थेकडे गेल्याचे लिहिलेले होते. फायको गुणांकनात, म्हणजे पत मोजण्याच्या इथल्या प्रचलित पद्धतीत, परतफेडीच्या इतिहासाला सुमारे ३५ टक्के आणि देणे असलेल्या रकमांना सुमारे ३० टक्के वजन असते. म्हणजे या बाई एका बाजूने दरमहा जी पत कमावत होत्या ती या तीन ओळी दुसऱ्या बाजूने खात होत्या.

"बँकेला मी चार वेळा फोन केला होता," त्या म्हणाल्या. इथेच वकिलाची खरी गरज असते असे माझे मत आहे. चुकीची माहिती पाठवणाऱ्या बँकेवर १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली चौकशीत कसूर केल्याचा दावा ग्राहकाला लावायचा असेल, तर तक्रार आधी ब्युरोमार्फत जावी लागते. ब्युरो ती पाच कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवतो, आणि तेव्हापासून चौकशीची जबाबदारी बँकेवर येते. थेट केलेले शंभर फोनही ती सुरुवात करून देत नाहीत. ही गोष्ट सामान्य माणसाने स्वतःहून ओळखावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि आदेशाच्या दिवशीच मी ती त्यांना सांगायला हवी होती. तसे मी त्यांना त्या दुपारी स्पष्ट सांगितले आणि या कामाची फी घेणार नाही असेही कळवले.

संध्याकाळपर्यंत तिन्ही ब्युरोंसाठी वेगवेगळी पत्रे तयार झाली. प्रत्येकाला न्यायालयाच्या आदेशाची प्रत, धनकोंच्या यादीतले नेमके पान आणि खात्याचा तपशील जोडला, आणि पोहोचपावतीच्या टपालाने ती पाठवली. कर्ज फेटाळल्याचे ते चुरगळलेले पत्र मी सपाट करून आमच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावले, कारण चुकीच्या नोंदीमुळे प्रत्यक्ष नुकसान झाले हे दाखवणारा आमच्याकडचा तो एकमेव लेखी पुरावा होता.

चौकशीची मुदत सामान्यतः ३० दिवसांची असते. त्या मुदतीत दोन खाती शून्यावर आली. तिसऱ्या खात्याबाबत मात्र बँकेने माहिती बरोबर असल्याचे ब्युरोला कळवले. नुसती चुकीची नोंद ठेवणे हा कर्जमुक्तीच्या आदेशाचा भंग ठरतो का, याविषयी न्यायालयांत एकमत नाही. म्हणून मी दाव्याचा मसुदा चौकशीतल्या कसुरीवर उभा केला आणि तो बँकेच्या वकिलांना पाठवला. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला नुकसानभरपाईखेरीज दंडात्मक भरपाई आणि ग्राहकाच्या वकिलाची फीही द्यावी लागू शकते, हे त्यांना ठाऊक होते. दावा दाखल करण्याची वेळ आली नाही आणि नोंद दुरुस्त झाली.

बाईंना पुढे घर घ्यायचे आहे. एफएचए या सरकारी संस्थेचा विमा असलेल्या गृहकर्जासाठी चॅप्टर ७ च्या आदेशानंतर साधारणपणे दोन वर्षे जावी लागतात, ती आता भरत आली आहेत. अर्ज करण्याआधी तिन्ही अहवाल पुन्हा एकदा एकत्र वाचायचे आम्ही ठरवले आहे. आदेश मिळालेल्या माझ्या इतर अशिलांच्या फाइलीही मी कपाटातून बाहेर काढल्या आहेत. प्रत्येकीवर अहवाल तपासण्याची तारीख लिहिण्याचे काम सध्या चालू आहे.